सरदारची घंटा

फळीपाशी येऊन व्यापाऱ्याची मेंढरं अडली. तिसगावच्या बाजारात मुंबईच्या कत्तलखान्याला जाणारा ट्रक उभा होता आणि त्यात चढायला एकही तयार नव्हतं. व्यापाऱ्याने हाक मारायच्या आत सहादेवाने आपला बोकड सोडला. म्हातारा सरदार गळ्यातली घंटा वाजवत फळीवरून वर गेला. त्याच्या मागोमाग साठ मेंढरं निमूट चढली. एकही ओरडलं नाही. ट्रकच्या पुढच्या झडपेतून सरदार एकटा खाली उतरला आणि गुळाच्या खड्यासाठी त्याने तोंड पुढे केलं.

"याला कळत आसंल का रं, काय करतोय ते?" व्यापाऱ्याने विचारलं.

"पुढं गेलं की गूळ मिळतो, एवढं कळतं. लई झालं की," सहादेव हसून म्हणाला.

परतताना घंटेची दोरी तुटली. सहादेवाने घंटा बंडीच्या खिशात टाकली, बोकडाला घरी बांधलं आणि तसाच चावडीवर गेला.

बहात्तर साल होतं. पावसाने कधीच पाठ फिरवली होती. गावच्या गुराढोरांना तोंड घालायला उरलं होतं ते एक गायरान. तेच दहा वर्षं सरपंच आबासाहेबांच्या खडीच्या खाणीला द्यायचा ठराव होता. आदल्या संध्याकाळी पारावर सगळं गाव नाही म्हणत होतं. सहादेवाचा आवाज सगळ्यात मोठा, कारण त्याची चाळीस मेंढरं त्याच गायरानावर जगत होती. मनकर्णा म्हातारीने तर सांगून टाकलं होतं, "आधी माज्यावरनं ट्रक न्या, मंग खान खंदा."

चावडीत जमलेल्या गावासमोर आबासाहेबांनी सहादेवाला शेजारी बसवून घेतलं. त्याच्या डोक्याला फेटा बांधला. खाणीवर राखणदाराची कायमची नोकरी, असं कानात सांगितलं. मग ठरावाचा कागद पुढे सरकवला.

"सहादेव, तू पुढं हो. बाकीचे येत्यात मागनं."

सहादेव वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. तो उठला तेव्हा खिशात किणकिण झाली. त्याने अंगठा उठवला आणि मागच्या दाराकडे निघाला.

दारात त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चावडीत एवढी माणसं, पण आवाज नव्हता. त्याने वळून पाहिलं. सगळं गाव रांगेत उभं होतं. कुणी वाद घालत नव्हतं, कुणी खोकतही नव्हतं. नुसती पावलं सरकत होती. ही शांतता त्याने सकाळीच ट्रकपाशी ऐकली होती.

रांगेत पहिली मनकर्णा होती. तिच्या अंगठ्याला शाई लागली होती.

"मावशे, नगं," तो कसाबसा म्हणाला. "गुरं कशावर जगतील आपली?"

म्हातारीने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"तू गेलास न्हवं पुढं? मंग चांगलंच आसंल."

सहादेव दचकून मागे सरला. खिशातली घंटा वाजली, आणि रांग एक पाऊल पुढे आली.