पलंगाखालची फळी

सुतार रागावेल म्हणून हे लिहिणारच नव्हतो. शंभर वर्षांपूर्वीचा राजेशाही रेल्वेडबा त्यानं वर्षभर खपून असा चकाचक केला, की संग्रहालयाच्या बाई बघतच राहिल्या. "हा तर नवाकोरा वाटतोय! जुनेपणाची खूण दाखवा, नाहीतर संग्रहालय घेणार नाही आणि डबा भंगारात जाईल." सुतार डबाभर खुणा शोधत फिरला. लाकूड जुनंच होतं, पण घासूनपुसून सगळ्या खुणा त्यानंच घालवल्या होत्या. तेवढ्यात त्याच्या पॉलिशवाल्या मित्रानं स्वतःचे कान पकडले. "ओरडू नकोस हं. पलंगाखालची फळी घासायची राहिलीय. वाकायचा कंटाळा आला." "वर्षभर कंटाळा?" सुतार खेकसला. बाई मात्र बॅटरी घेऊन थेट पलंगाखाली शिरल्या. काळपट फळीवर जुन्या कारागिरानं पेन्सिलीनं शंभर वर्षांपूर्वीची तारीख टाकली होती. "अहो, हा तर अस्सल!" खालून आवाज आला. सुतारानं मित्राला उचलूनच घेतलं. "गड्या, पुढच्या डब्यात एक फळी तुझ्यासाठी मीच सोडून ठेवीन!"