चमचाभर पाणी

"विषाणू आता उरला नाही, काकू. पण मेंदूची सूज उतरेना," डॉक्टर शिफा चंदनाला म्हणाल्या.

काचेपलीकडे तिची लेक ऐश्वर्या पडली होती, नाकात नळी, हाताला सलाईन. जयसिंगपुरात कॉलेजला जाताना जिच्या चपला कधी जागेवर सापडायच्या नाहीत, ती ही पोर. काल तिनं डोळे उघडले, तेव्हा चंदनाकडे असं बघितलं, जसं एस.टी.त शेजारी बसलेल्या परक्या बाईकडे बघावं. तेव्हापासून चंदनाला काचेजवळ जायचीच भीती वाटत होती.

"विषाणू गेला, मग आता काय खातंय तिला?"

"तिचं तिचंच शरीर. विषाणूशी लढायला राखण करणाऱ्या पेशी मेंदूत धावल्या. तो मेला, तरी त्या थांबेनात. आता मेंदूलाच मारायला लागल्यात."

"राखण करणाऱ्याच?"

"व्हय. त्यांना 'बास करा' म्हणणारी प्रोटीनंपण शरीरातच असतात. ती वाढली की सूज उतरते. औषधं आम्ही देतोय, पण तिच्या शरीरानं साथ दिली पाहिजे." खोटा धीर द्यायची शिफांना सवय नव्हती. "जरा जागी झाली की चमचाभर पाणी देऊन बघू. समजून गिळलं, तर मोठं काम झालं."

"आणि न्हाय गिळलं तर?"

शिफांनी हातातली फाईल मिटली आणि त्या आत गेल्या.

चंदना बाकावर बसली. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही, असा नेम मायलेकींनी जैनांच्या पर्युषणात घेतला होता. पोरीचं डोकं पहिल्यांदा ठणकलं, अंग तापलं, तेव्हा बाहेर अंधार पडला होता. तिचे वडील, तात्यासो, गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. "आजाऱ्याला सगळं चालतंय. महाराजबी तेच सांगत्यात की," ते म्हणाले. चंदनानं गोळी परत डब्यात टाकली. "एका रात्रीनं काय हुतंय? सकाळी घेईल." पोरीनंही मान हलवली. सकाळी चहा घेऊन गेलेल्या आईला तिनं विचारलं, "तुम्ही कोण?"

त्या एका गोळीनं मेंदूज्वर थांबला नसता, असं शिफांनी समजावून सांगितलं होतं. तात्यासोंनीही एका शब्दानं बोल लावला नव्हता. तरी चंदनाच्या डोळ्यांपुढून तो तांब्या हलत नव्हता.

हॉस्पिटलबाहेर, शाहूपुरीतल्या रस्त्यावर दिवे लागले, तेव्हा तिला आत बोलावलं. पलंग डोक्याकडून उचलला होता. ऐश्वर्याचे डोळे अर्धवट उघडे होते. शिफांनी चमचा चंदनाच्याच हातात दिला. अर्धं पाणी चादरीवरच सांडलं.

उरलेलं पाणी ओठांपाशी आलं, आणि ऐश्वर्यानं ओठ घट्ट मिटले. मान फिरवली.

"ऐशू, पी गं बाळ."

ओठ उघडेनात. चंदनानं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. संपलं सगळं. पोरीला साधं पाणीही कळेनासं झालं.

ऐश्वर्याची नजर हळूहळू खिडकीकडे गेली. बाहेरच्या अंधारावर बराच वेळ टिकून राहिली. मग कोरड्या ओठांतून, तुटत तुटत, शब्द आले.

"दिवस मावळलाय की, आई."

चंदनाला हुंदका फुटला. तो तिनं पदरात दाबला. शिफा काही म्हणायच्या आत ती उठली, खिडकीपाशी गेली आणि पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतला. परत येऊन तिनं चमचा काठोकाठ भरला. या वेळी एक थेंबही सांडला नाही.

"न्हाय गं," ती म्हणाली. "अजून ऊन हाय. पी."