यंदाचा आजार

"मॅडम, कपाटातून काढा ना ते सापाच्या विषावरचं इंजेक्शन!" रुमलीबाई ओरडली. तिच्या नवऱ्याला मण्यार चावली होती.

डॉक्टर हेमलता पाडवींनी आरोग्य केंद्राच्या बंद, स्वयंचलित औषधकपाटावर पुन्हा मूठ आपटली. कपाट शांतपणे बोललं, "ज्या आजारांवर संशोधन जास्त छापून येतं, त्यांचीच औषधं पाठवली जातात. सर्पदंशावर यंदा काहीच छापून आलेलं नाही. यंदा एकटेपणा आघाडीवर आहे."

"एकटेपणा घाल चुलीत! इथे माणूस मरतोय!"

माणूस गेला. रुमलीबाईनं हंबरडा फोडला, तसं कपाट आपोआप उघडलं आणि गोळ्यांचं पाकीट पुढे सरकलं.

"एकटेपणावरच्या गोळ्या," कपाट मायेनं म्हणालं. "ताईंना द्या."

हेमलताबाईंनी सलाइनचा स्टँड उचलला आणि पहिला घाव त्या मायाळू आवाजावरच घातला.