ओट्याचं माप

केळझरच्या नव्या घरासाठी वर्ध्यातली सहा दुकानं पालथी घालून भैय्याजींनी स्वस्तातलं मॉड्युलर किचन ठरवलं. ओटा किती उंच ठेवायचा, असं मिस्त्रीनं विचारलं, तेव्हा जन्मात कधी चहाही न केलेल्या या गृहस्थांनी स्वतःच्या कमरेला हात लावून माप दिलं. बायकोला, देवकाबाईंना, कोणी विचारलंच नाही. तयार ओटा थेट त्यांच्या छातीशी आला. "फ्रिज मोजला, सिलिंडर मोजला. रांधणारी बाई कोणाले दिसली नाई?" त्या कडाडल्या. "आता तोडलं तं खर्च दुप्पट," भैय्याजी पुटपुटले, "पाटावर उभी राह्यजो." नवऱ्याचा जेवायला बसायचा सागवानी पाट देवकाबाईंनी उचलला, ओट्यापुढे आपटला आणि त्यावर चढून भाकरी थापल्या. भैय्याजी जेवायला आले. "माहा पाट कुठं हाय?" "माह्या पायाखाली," ताट ओट्यावर सरकवत त्या म्हणाल्या, "उभ्यानं जेवा. ओटा तुमच्याच मापाचा हाय!"