लीटियाबाईंचा लेखी प्रश्न

"बाईंचा प्रश्न आलाय," सचिव डग्लस म्हणाला, आणि शिक्षणमंत्री जेपेटी नुतारालुक खुर्चीत ताठ झाला. ओठाला लागलेली माशाची कणी त्याने घाईघाईने पुसली. लीटिया उकालिक आज विधानसभेच्या सदस्य होत्या. पण सिकुआक गावच्या शाळेत त्यांनी त्याला चार वर्षं शिकवलं होतं, आणि ती चार वर्षं काही अंगातून जात नव्हती.

डग्लसने कागद वाचून दाखवला. सिकुआकच्या शाळेत इनुक्टिटुट भाषा शिकवायला किती दिवसांपासून कोणी नाही? जागा कशामुळे रिकामी झाली? गावात ती भाषा शिकवण्यास पात्र माणसं किती, आणि कोण? लेखी उत्तर एकवीस दिवसांत.

"'आकृती काढून स्पष्ट करा' एवढं राहिलं बघा," डग्लस हसला.

जेपेटीला हसू आलं नाही. त्याची मुलगी आयडा त्याच शाळेत तिसरीत होती. दर रविवारी तो राजधानीतून घरी फोन लावायचा. मागून त्याच्या आईचा आवाज यायचा. नातीला ती आपल्या इनुक्टिटुटमध्ये काहीतरी प्रेमाने विचारायची, आणि आयडा इंग्रजीत म्हणायची, "बाबा, आजी काय म्हणतेय ते सांग ना." शाळेत जायला लागल्यापासून तिची भाषा पातळ होत चालली होती. एका घरात राहून आजी आणि नात यांना मध्ये दुभाष्या लागत होता, तोही फोनवरचा.

"लिहू या, सदर बाब विचाराधीन आहे," डग्लस म्हणाला.

"मागच्या खेपेला तेच लिहिलं होतं. बाईंनी भर सभागृहात विचारलं, विचार कोण करतंय त्याचं नाव सांगा."

डग्लस फाईल चाळू लागला. मध्येच त्याने शीळ घातली.

"साहेब, हे बघा! दोन वर्षांपूर्वी तिथल्या शिक्षिकेने निवडणुकीला उभं राहायचं म्हणून राजीनामा दिला. कोण शिक्षिका? आपल्या लीटियाबाई! अख्ख्या गावात पात्र माणूस तेवढंच. पोरांना वाऱ्यावर सोडून स्वतः इथे आल्या, आणि वर आपल्यालाच जाब विचारतायत. लिहून टाकू या. पुन्हा कधी प्रश्न विचारायच्या नाहीत."

उत्तर टाइप होऊन आलं. शब्द न् शब्द खरा होता. तरी जेपेटीने दोन आठवडे सही केली नाही. खरं लिहायचं म्हणजे बाईंना सगळ्यांसमोर उघडं पाडायचं. ते कायमचं छापलं जाणार, त्यांची नातवंडंसुद्धा वाचणार. शेवटी त्याने बाईंना फोन लावला.

"बाई, तो प्रश्न मागे घेता का? उत्तर तुम्हाला आवडणार नाही."

"उत्तर येत नाही का तुला?"

"येतं, बाई."

"मग लिही. आणि पूर्ण वाक्यात लिही."

त्याने सही केली.

विसाव्या दिवशी उत्तर सभागृहाच्या पटलावर आलं. या विधानसभेत पक्ष नाहीत. सगळे सदस्य अर्धवर्तुळात बसतात, त्यामुळे कोणाचाच चेहरा कोणापासून लपत नाही. प्रती वाटल्या गेल्या आणि सगळे वाचू लागले. शिक्षक नसलेले शाळेचे दिवस, तीनशे एकाहत्तर. कारण, शिक्षिका लीटिया उकालिक यांचा राजीनामा. गावातील पात्र व्यक्ती, एक. लीटिया उकालिक.

आधी एकजण फिसकन हसला. मग अख्खं सभागृह हसलं. जेपेटी मान खाली घालून टेबलाची कड बघत राहिला.

मधल्या सुट्टीत चहाच्या खोलीत बाई सरळ त्याच्यासमोर येऊन बसल्या. त्याच्या ताटलीतला बॅनकच्या जाड रोटीचा तुकडा त्यांनी मोडून घेतला.

"छान लिहिलंस," त्या म्हणाल्या. "मुद्देसूद."

"बाई, मला खरंच वाईट वाटतंय."

"वाईट कशाला? हेच तर हवं होतं मला, मंत्र्याच्या सहीने." त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढून त्याच्यापुढे सरकवला. "हा पुढचा. उद्या देणार आहे."

जेपेटीने वाचलं. गावात एकच पात्र शिक्षिका आहे, असे मंत्री स्वतः मान्य करतात. तर मग इतक्या वर्षांत खात्याने दुसरी का तयार केली नाही? गावातल्या तीन मुली शिकायला तयार आहेत. त्यांचे प्रशिक्षण कोणत्या तारखेला सुरू होणार? खाली तिघींची नावं होती. कागदावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, पहिल्या प्रश्नाच्याच दिवसाची.

त्याला हसू फुटलं. आता 'गरज नाही' म्हणायला खात्याला जागाच नव्हती. "सप्टेंबरमध्ये सुरू करतो," तो म्हणाला. "तसं लिहूनही देतो. म्हणजे माझं उत्तर काय येणार ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

बाईंनी भुवया वर केल्या. म्हणजे हो.

"पण बाई, एक विचारू? रागावू नका. हे सगळं ठाऊक होतं, तर शाळेत असतानाच खात्याला का नाही कळवलंत? पोरांना असं मध्येच सोडून यायचं म्हणजे..."

"अकरा पत्रं लिहिली मी. तुझ्याआधीच्या दोन मंत्र्यांना. एकाचंही उत्तर आलं नाही." बाईंनी त्याचा चहाचा कपही आपल्याकडे ओढला. "शिक्षिकेच्या पत्राला उत्तर दिलं नाही तरी चालतं, जेपेटी. सदस्याच्या प्रश्नाला एकवीस दिवसांत द्यावंच लागतं. म्हणून तर निवडणुकीला उभी राहिले."