मिस्त्रींचा कान

पंपघरात स्विचच्या पॅनेलच्या मागे उभं राहून मिस्त्रींनी दोन्ही कानांपुढे दोन-दोन बोटं टेकवली आणि जबड्याचा सांधा गोल गोल चोळायला घेतला. ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ टाळूला. मग तोंड हळूहळू उघडायचं, हळूहळू मिटायचं. दहा वेळा. कानातली शिट्टी जबड्यामुळे वाजते, असं व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली होती. काका, तुम्ही झोपेत दात खाता.

"झालं का रवंथ करून, दाजी?" पलीकडून मेव्हण्यानं विचारलं. पंप चालू-बंद करायचं काम त्याच्याकडे. "मॅडम आल्यात."

मिस्त्रींनी घाईनं बोटं खाली घेतली. इतकी वर्षं पंपघरात त्यांच्या तिखट कानाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण मागच्या आठवड्यात त्यांनी तीन नंबरचं बेअरिंग गेलं म्हणून सांगितलं, अर्ध्या शहराला दिवसभर कोरडं ठेवून पंप उघडला, तर बेअरिंग आतून कोरं करकरीत. आज पुन्हा तसंच झालं तर स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट निवडायचे, हे इंजिनियर मॅडमनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

"दोन नंबर बघा," मॅडम म्हणाल्या. "सावकाश. घाई नाही."

पंपांचा आवाज घुमत होता, पायाखालची फरशी थरथरत होती. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन नंबरच्या बेअरिंगवर ठेवलं, मूठ कानापुढच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. बारीक, टोकदार किरकिर आली. पण पंपाची की आपली? त्याची एक खूण त्यांनी स्वतःच शोधून काढली होती, कुणाला सांगितली नव्हती. खालचा जबडा पुढे सरकवला की कानातली शिट्टी सूर बदलते. पंप कशाला कुणाच्या जबड्याला जुमानतोय?

त्यांनी जबडा पुढे सरकवला. सूर जागचा हलला नाही. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा पुढे. चांगला वेळ घेऊन खातरजमा केली. किरकिर तशीच. मिस्त्रींना इतकं हायसं वाटलं की मिटल्या डोळ्यांत पाणी आलं. कान शाबूत होता. बाईचे व्यायाम लागू पडले होते.

"बेअरिंग गेलंय," डोळे न उघडताच ते ठामपणे म्हणाले. "बंद कर रे दोन नंबर."

मग त्यांनी डोळे उघडले. मॅडम दुसरीकडे बघत होत्या. मेव्हण्याचा हात अजून बटणापर्यंत पोचलाही नव्हता, आणि दोन नंबरच्या मीटरचा काटा मघापासूनच शून्यावर पडून होता.

मेव्हण्यानं मिस्त्रींकडे न बघता ते बटण जोरात दाबलं.

"केला बंद, दाजी," तो म्हणाला.