कोरड्या गाठी

तिने तंगुसाचा बारीक दोरा गळाच्या नेढ्यातून ओवला, दोनच वेढे दिले आणि ओठांपाशी न नेता तसाच ओढला. गाठ बसली. वरवर दिसायला नेहमीसारखी. हाताने खेचली तरी सुटणार नव्हती. मोठ्या माशाने खोल पाण्यात मुसंडी मारली की मात्र सुटणार होती. तो गळ तिने आपल्या पोराच्या टोपलीच्या काठाला अडकवला आणि पुढचा उचलला.

सगळा धक्का तिला गाठवाली म्हणायचा. बोटीवर प्रत्येकाची लांब दोरी त्याच्या वेगळ्या टोपलीत असे, आणि त्या दोरीला लोंबणारे गळ बांधायचे ते तिनेच. नेढ्याचा गळ असेल तर पाच वेढे आणि टोक परत फासातून. नेढं नसलेला, चपट्या डोक्याचा गळ असेल तर दांड्यावरच वेढे, एकाला एक लागून, एकावर एक न चढता. जाड गळाला दुहेरी दोरा. आणि कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. कोरडा तंगूस आवळताना घासून तापतो, वरून धड दिसतो आणि आतून मरतो. "वहिनींनी बांधलं की मासाच काय, त्याचा आजोबाही सुटायचा नाही," असं बोटीचा तांडेल चारचौघांत सांगायचा.

तिचा नवरा याच बोटीवरून गेला. वाऱ्याचा दिवस होता. दोरी ओढताना त्याचा तोल गेला आणि बोट वळवून आणेपर्यंत पाणी सपाट झालं होतं. आता पोरगा त्याच बोटीवर निघाला होता. ती रडली, भांडली, अन्न सोडून बसली. मामाने आपल्या दुकानात त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, तेही सांगून झालं. पोराने सगळं मान खाली घालून ऐकलं आणि शेवटी एवढंच म्हणाला, "मी जाणार, आई."

मग तिच्या हाती राहिल्या त्या गाठी. तांडेलाचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. पहिल्या खेपेला ज्याची टोपली रिकामी आली, त्याला दुसरी खेप नाही. मासे लागतील, सुटतील, पोरगा खजील होऊन घरी येईल. खजील झाला तरी जिवंत असेल. बाकीच्यांच्या टोपल्या तिने नीट बांधल्या. तेवढी चाड तिने राखली.

पोरगा आत आला. "झालं?"

"झालं."

त्याने टोपली खांद्यावर घेतली. "तुझ्या हातचं आहे म्हणजे मला काळजी नाही," तो म्हणाला. ती खाली सांडलेले तंगुसाचे तुकडे गोळा करत राहिली.

बोट दिसेनाशी झाल्यावर तिला ते सुचलं, जे आधी सुचायला हवं होतं. जड मासा दोरीवर असताना गाठ सुटली, तर ताण एकदम जातो. ओढणारा मागे फेकला जातो. मागे बोटीचा काठ असतो, आणि काठापलीकडे पाणी. ती दारातच खाली बसली. त्यानंतर बोट परत येईपर्यंत तिने चूल पेटवली नाही. शेजारीण म्हणाली, पहिलीच खेप आहे, वाटतं असं. स्वतःच्या हाताने केलेलं दुसऱ्याला सांगता येत नव्हतं.

बोट दुसऱ्या दिवशी दुपारी लागली. ती धक्क्यावर धावत गेली आणि माणसं उतरताना एकेक चेहरा बघत राहिली. पोरगा सगळ्यांच्या मागून उतरला. त्याच्या खांद्यावरची टोपली माशांनी इतकी जड झाली होती, की तो एका बाजूला कलला होता.

तांडेल तिच्यापाशी आला. "वहिनी, माझ्यासुद्धा दोरीवरचे दोन-चार गळ गेले. तुमच्या पोराचा एकही सुटला नाही. त्याला मी आता सोडत नाही."

तिला काही उमगेना. घटकाभर तिला असंही वाटलं, की आपल्या हातांना खोटं कामसुद्धा धड जमत नाही. मग टोपली खाली ठेवताना पोराचे हात तिला दिसले. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि चिंध्या जागोजाग तांबूस झाल्या होत्या.

घरी आल्यावर तिने कोमट पाण्याचं भांडं त्याच्यापुढे ठेवलं. एकेक चिंधी भिजवून सोडवली. बोटांच्या पेरांवर तंगुसाने कापलेल्या बारीक रेघा होत्या, आडव्या, एकाला एक लागून. अशा रेघा तिच्या बोटांवरही होत्या, फक्त तिच्या जुन्या होत्या.

"कधी कळलं?" तिने विचारलं.

"टोपली उघडली तेव्हाच. निरखून बघितल्यावर गाठी पांढरट दिसल्या, कोरड्या आवळल्या की होतात तशा. लहानपणापासून तुझ्या मांडीपाशी बसून हेच तर बघत आलो."

"सगळे परत बांधलेस?"

"सगळे."

"तांडेलाला सांगायचं होतंस."

"मग त्याने तुला काम दिलं असतं का?"

आता तो काय म्हणेल याची वाट बघत तिने त्याचे हात पाण्यातच धरून ठेवले. तो चिडेल, आवाज चढवेल, निदान का केलंस एवढं तरी विचारेल. त्याने काहीच विचारलं नाही. पाण्यातली बोटं त्याने एकदा मिटून उघडली. मग हळूच म्हणाला,

"पुढच्या खेपेला ओल्या बांध, आई. फार दुखतात गं बोटं."